नावाडिणीची खिडकी

मास्तर तिसऱ्यांदा नदीकाठी गेले आणि तिसऱ्यांदा नावाडिणीने त्यांना एका वाक्यात वाटेला लावलं. "नदी चढली आहे. आज नाव सुटणार नाही." बस्स, पुढे काही नाही. मास्तरांनी बटण दाबलं, पुन्हा दाबलं, डावीकडून बोलून पाहिलं, उजवीकडून बोलून पाहिलं, झोपडीला एक फेरी मारून आले. नावाडीण ढिम्म. शेवटी त्यांनी हातातलं यंत्र टेबलावर पालथं घातलं आणि वहीत लिहिलं : "सुटलेलं, क्रमांक पाच. नावाडीण बोलत नाही."

हे मास्तर काही शाळेतले नव्हेत. सतरा वर्षं त्यांनी मालाच्या गोदामात पार्सलं वजन करण्यात घालवली होती. मास्तर हे नाव इथल्या पोरांनी पहिल्याच आठवड्यात चिकटवलं. कारण ज्या खेळावर या कचेरीतले अकरा जण गेली दोन वर्षं घाम गाळत होते, तो खेळ मास्तरांनी लहानपणापासून एकूण एक्केचाळीस वेळा संपवला होता. कुठल्या गुहेत कितवी पेटी, कुठल्या पेटीत काय, दलदलीतल्या राक्षसाला किती वार लागतात, सगळं तोंडपाठ. झोपेतून उठवून विचारा, हवं तर.

खेळ अडतीस वर्षांपूर्वीचा. तेव्हा तो टीव्हीला जोडायच्या यंत्रावर चालायचा आणि परक्या भाषेत होता. एक शूर मुलगी, एक म्हातारा वैद्य आणि एक लंगडा तिरंदाज असे तिघे मिळून हरवलेलं राज्य शोधायला निघतात, अशी गोष्ट. आता तोच खेळ हातात मावेल अशा यंत्रावर येणार होता, आणि पहिल्यांदाच आपल्या भाषेत. भिंतीवर एक भलीमोठी यादी लावली होती. तिचे तीन रकाने : बदल, भर आणि सुटलेलं. बदल म्हणजे जुन्यातलं जे वेगळं केलं ते. भर म्हणजे जुन्यात नव्हतं आणि नव्याने घातलं ते. आणि सुटलेलं म्हणजे जुन्यात होतं पण चुकून राहून गेलं ते. हा तिसरा रकाना भरायला मास्तरांना घेतलं होतं, तीन महिन्यांच्या बोलीवर. तीन महिने संपायला आठ दिवस राहिले होते. त्याच दिवशी यादीला कुलूप लागणार होतं, आणि मास्तर राहणार की गोदामात परत जाणार, हेही तेव्हाच ठरणार होतं.

गोदामात त्यांना परत जायचं नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदाच कोणी त्यांना विचारत होतं, "मास्तर, हे बरोबर आहे का?" आणि ते मान हलवत म्हणू शकत होते, "नाही."

आतापर्यंत त्यांच्याकडे फक्त नकाशे आणि आकडे यायचे. त्यात त्यांनी एकही चूक निसटू दिली नव्हती. बदलांवर मात्र त्यांचा राग होता. आता माणसं धावू शकत. "कुठे आग लागलीय?" असं मास्तर म्हणायचे. कोपऱ्यात छोटा नकाशा दिसायचा, म्हणजे हरवायची सोयच नाही. वाड्याखाली बारा मजल्यांचं नवं तळघर खणून ठेवलं होतं, ते त्यांना अजिबात पसंत नव्हतं, पण 'भर' हा रकाना त्यांचा नव्हता. म्हणून तिथे ते फक्त नाक मुरडायचे.

काल पहिल्यांदा संवादांसकट पूर्ण खेळ त्यांच्या हातात आला, आणि तिथून सगळा घोळ सुरू झाला.

पहिल्याच गावात सराय. सरायवाला म्हणाला, "विश्रांती घ्या, शूर प्रवाशांनो." मास्तर थबकले. सरायवाला असं म्हणत नाही. तो म्हणतो, "पाय धुतलेत का? मगच गादीवर." हे वाक्य त्यांनी हजारदा ऐकलं होतं. पुढे राजाच्या दरबारात गेले. राजा म्हणाला, "काळ थोडा आहे. निघा." हा राजा असा तुटक कधीपासून झाला? तो तर म्हणायचा, "आधी पोटभर जेवा, ताटात काही टाकायचं नाही, मग निघा." लोहार रागीट नव्हता, तो रागीट करून ठेवला होता. चेटकीण तर खदाखदा हसत होती. मास्तरांची चेटकीण शिंकायची, कारण तिला बारमाही सर्दी होती.

आणि मग पूल आला. तिसऱ्या प्रकरणात पूल तुटतो आणि लंगडा तिरंदाज नदीत पडतो. इथपर्यंत सगळं जुन्याप्रमाणे. पण जुन्यात तो मरत नाही. नावाडीण त्याला खालच्या अंगाला बाहेर काढते आणि आपल्या झोपडीत ठेवते. ती सांगते, "सात रात्री सरायीत काढा. सातव्या रात्रीनंतर माझ्या खिडकीत दिवा दिसेल. दिवा दिसला की समजा, तो जगला." तिरंदाज पुन्हा सोबत येत नाही, पण तो आहे हे कळतं. सगळ्या खेळातली ही मास्तरांची सर्वांत आवडती जागा. ती या लोकांनी सरळ कापून टाकली होती!

संध्याकाळपर्यंत वहीत एकतीस क्रमांक झाले. मास्तरांनी वही उचलली आणि ताडताड पावलं टाकत बाईंच्या खोलीत गेले.

बाई म्हणजे या कचेरीच्या प्रमुख. केस आखूड, बोलणं त्याहून आखूड. खाली टायरचं दुकान होतं, दिवसभर हवा भरायचं यंत्र घरघरायचं आणि त्या घरघरीच्या मधल्या जागेत बाई बोलायच्या. त्यांनी वही वाचली, चष्मा वर केला आणि दुभाषीला हाक मारली.

दुभाषी ही सगळ्यांत धाकटी. परक्या भाषेतला अख्खा खेळ तिने एकटीने आपल्या भाषेत आणला होता, त्यामुळे वहीवर नजर टाकताच तिचा चेहरा पडला.

"मास्तर, मी एक अक्षर सोडलेलं नाही हो. सरायवाला पाय धुवायला सांगत नाही. कुठेच."

"सांगतो," मास्तर म्हणाले.

"आणि चेटकिणीला सर्दी?"

"बारमाही."

दुभाषीने बाईंकडे पाहिलं. बाईंनी छताकडे पाहिलं.

"जुन्या खेळाच्या दोन आवृत्त्या असतील," बाई म्हणाल्या. "पहिली आणि दुरुस्त केलेली. शोधा."

पुढचे तीन दिवस कचेरीत दुसरं काम झालं नाही. जुन्या खेळाच्या दोन्ही आवृत्त्या पैदा केल्या, जोडल्या, शेजारी शेजारी चालवल्या. नावाडीण दोन्हीकडे एकच वाक्य बोलत होती. दुभाषीने जुन्या खेळाच्या पोटातलं सगळं लिखाण उपसून काढलं. त्यात सात रात्री नव्हत्या, ताट नव्हतं, सर्दी नव्हती. मास्तरांना काही उमगेना. त्यांना स्वतःच्या घराचा जिना जितका आठवत होता तितकी ती नावाडीण आठवत होती. एखाद्याने सांगावं की तुमच्या घराला जिना नाहीच, तर माणसाने काय करावं?

पण चौथ्या दिवशी सकाळी दुभाषी धावत आली. "मास्तर, तुमचं खरं आहे!"

जुन्या खेळाडूंचे गप्पांचे अड्डे इंटरनेटवर होते. तिथे शेकडो लोकांना नावाडीण आठवत होती. एकाने लिहिलं होतं, "मी स्वतः दिवा पाहिलाय, सातव्या रात्री, अंगावर काटा आला." दुसरी म्हणत होती, "माझ्या नवऱ्याला आठव्या रात्री दिसला, पण त्याला मोजता येत नाही." कोणी खिडकीचं चित्रसुद्धा लावलं होतं. अगदी बारीक पिवळा ठिपका, पण होता.

मास्तरांची छाती फुगली. बाईंनीही त्या दिवशी त्यांना आपल्या किटलीतला चहा दिला, हा मान याआधी कोणाला मिळाला नव्हता. "म्हणजे तिसरी आवृत्ती असणार," त्या म्हणाल्या. "सापडली पाहिजे."

तिसरी आवृत्ती सापडली नाही. दुभाषीला सापडलं ते निराळंच. पाचव्या दिवशी ती हळू पावलांनी आली आणि मास्तरांकडे न बघता बाईंशी बोलू लागली.

"नदीची लाट आणि ती खिडकी, दोन्हींचं चित्र जुन्या यंत्रात एकाच जागेतून उचललं जायचं. त्यामुळे लाटेवरच्या चमकीचा पिवळा ठिपका अधूनमधून खिडकीत उमटतो. यंत्राची खोड आहे. तिसऱ्या रात्रीही दिसतो, पहिल्याही."

"आणि इतक्या लोकांना सात रात्री कशा आठवतात?" बाईंनी विचारलं.

"मी सगळ्यांच्या तारखा लावून पाहिल्या. सोळा वर्षांपूर्वीच्या जूनच्या आधी कोणीच त्याबद्दल काही लिहिलेलं नाही. त्या जूनमध्ये 'वाटाड्या' आला."

'वाटाड्या' म्हणजे त्या खेळाचं मार्गदर्शक पुस्तक, एकशे चाळीस पानांचं, नकाशांसह, फुकट वाचायला ठेवलेलं. ते वाचून हजारो लोकांनी खेळ पार केला होता. ते मास्तरांनीच लिहिलं होतं.

"म्हणजे मी खोटं लिहिलं?" मास्तरांचा आवाज चढला. "मला काय पडलंय खोटं लिहायचं!"

"तसं नाही म्हणत," दुभाषी कळवळून म्हणाली. "मास्तर, एक विचारू? तुम्हाला ती भाषा येते?"

"नाही."

"मग तुम्ही वाचलंत कसं?"

हा प्रश्न आजवर त्यांना कोणी विचारला नव्हता, आणि नवल म्हणजे त्यांनी स्वतःलाही विचारला नव्हता. एक्केचाळीस वेळा खेळले, पण पडद्यावर अक्षरं आली की ते पटकन बटण दाबून पुढे जायचे. काय लिहिलंय ते ठाऊकच होतं ना!

"ताई वाचून दाखवायची," ते म्हणाले.

"ताईंना ती भाषा येते?"

"येत असणार. वाचायची ना ती."

बाईंनी चष्मा काढून पुसला, बराच वेळ पुसला. "मास्तर," त्या म्हणाल्या, "ताईंना विचारून या."

ताईचं चष्म्याचं दुकान बाजारपेठेच्या मागच्या गल्लीत होतं, पुढे काउंटर आणि आत डोळे तपासायची अंधारी खोली. मास्तर पोहोचले तेव्हा ताई एका आजोबांच्या नाकावर ती जड चौकट बसवून भिंगं बदलत होती. "पुढची ओळ वाचा." आजोबांनी धडाधड पाच अक्षरं सांगितली. "अंदाज नका करू, काका. दिसत नसेल तर दिसत नाही म्हणा. मला लगेच कळतं." आजोबा वरमले.

मास्तर स्टुलावर बसून राहिले. आजोबा गेल्यावर ताईने त्यांच्याकडे पाहिलं. "काय रे टिंगू, या वेळी कसा? नोकरी सोडलीस की काय?"

चव्वेचाळीस वर्षांच्या माणसाला टिंगू म्हणणारी ही जगातली शेवटची व्यक्ती. आई-वडील गेल्यापासून हक्क तिच्याकडेच होता.

"ताई, तुला ती भाषा येते ना? आपल्या खेळाची?"

"कुठली? मामाने आणलेल्या त्या यंत्रातली?" ताई हसायलाच लागली. "मला कुठून येणार? दहा वर्षांची होते मी. आपल्या भाषेतली जोडाक्षरं धड येत नव्हती!"

"पण तू वाचायचीस."

"बोट फिरवायचे रे. तू मागे लागायचास, काय म्हणतोय, काय म्हणतोय. काहीतरी सांगावं लागायचं. नाहीतर तू मला खेळू द्यायचास का?"

"सरायवाला पाय धुवायला सांगतो."

"कारण तू चिखलाचे पाय घेऊन गादीवर चढायचास, आणि बोलणी मला खावी लागायची. मी सांगून ऐकायचा नाहीस. सरायवाल्याचं ऐकायचास."

"आणि राजा? ताटात टाकायचं नाही?"

"तुझ्या उरलेल्या भाज्या मला संपवाव्या लागायच्या, म्हणून!" ताई डोळे पुसत होती, हसून हसून. "चेटकिणीला सर्दी मलाच झाली होती. वाचता वाचता शिंक आली, तू म्हणालास, ती शिंकली का? म्हटलं, हो."

मास्तरांना मात्र हसू येईना. कान तापले होते. एक्केचाळीस वेळा खेळलेला खेळ, त्यावर लिहिलेली एकशे चाळीस पानं, त्यावर मिळालेली नोकरी, आणि आत काय होतं तर चिखलाचे पाय! "तुला कळतंय का तू काय केलंस?" ते ओरडले. "मी जगभर मूर्ख ठरलो! हजारो लोक सात सात रात्री सरायीत झोपले. तो तिरंदाज मेलाय, ताई. पुलावरून पडला आणि मेला. ते मला आज कळतंय, या वयात!"

ताईचं हसू मावळलं. तिने काउंटरवरच्या चौकटी उगाच सरळ केल्या.

"ते मला तेव्हाच कळलं होतं," ती म्हणाली. "भाषा येत नसली म्हणून काय झालं? त्यांनी त्याचं नाव पडद्यावरच्या पाटीवरून काढलं होतं. खाली तीन नावं असायची, दोन राहिली."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"नाव काय होतं त्याचं, आठवतं?"

आठवत होतं. खेळ सुरू करताना तिघांना नावं द्यावी लागत. परकी अक्षरं कोणालाच येत नव्हती, म्हणून दोघांनी चित्रं निवडावी तशी निवडली होती. तिरंदाजासाठी शिडीसारखं एक, गळासारखं एक आणि मडक्यासारखं एक. आणि ठरवून टाकलं होतं की याचा उच्चार टिंगू. तिरंदाजावर मास्तरांचा भारी जीव होता.

"तू पलंगावर होतास," ताई म्हणाली. "ताप. आठवत नाही तुला? नाहीच आठवणार. डोळे उघडत नव्हतास. आत जायची मला बंदी होती, आई-बाबा आळीपाळीने बसायचे. डॉक्टर दारात उभे राहून बाबांना म्हणाले, सात दिवस गेले की मग सांगता येईल. मी ऐकलं. मग बाहेरच्या खोलीत येऊन यंत्र लावलं. दुसरं काय करणार? आणि त्याच दिवशी पूल तुटला."

बाहेरून कोणीतरी दार लोटून विचारलं, चष्म्याची दोरी मिळेल का. ताईने दोरी दिली, गिऱ्हाईक गेलं, दार बंद झालं.

"टिंगू हे नाव पडद्यावरून गेलं रे. मी लहान होते. मला वाटलं, मीच काहीतरी केलं. मी पुढे नेलं त्याला पुलावर, बटण माझ्या हातात होतं. परत सुरू केलं, पुन्हा पडला. तीनदा केलं. मग ती नावाडीण दिसली. ती काहीतरी बोलत होती. मी ठरवलं, ती असं म्हणतेय. सात रात्री. मी रोज एकदा सरायीत झोपायचे आणि नदीवर जाऊन खिडकी बघायचे. आणि तुझ्या बंद दाराला तोंड लावून तुला सांगायचे, आज दुसरी रात्र झाली टिंगू, आज तिसरी झाली."

त्यांना तो नदीकाठ लख्ख आठवत होता. तिथे आपण उभे होतो, सात रात्री मोजत होतो, हे त्यांना शपथेवर सांगता आलं असतं.

"पण मी थांबलो होतो ना," ते चाचरत म्हणाले. "नदीवर. मीच."

"तू पडून होतास, बाळा. थांबले होते मी."

समोरच्या भिंतीवर अक्षरांचा तक्ता होता, वरचं अक्षर हातभर आणि खालचं मुंगीएवढं. मास्तर तो उगाच वाचत बसले, आणि चौथ्या ओळीनंतर त्यांना काही दिसेना.

दुसऱ्या दिवशी मास्तरांनी कचेरीत सगळं सांगितलं. काही लपवलं नाही. एकतीस क्रमांकांवर एकेक रेघ मारली, वही बाईंसमोर ठेवली आणि म्हणाले, "मी हा खेळ खेळलोय, पण वाचलेला नाही. तुम्ही ज्याला घेतलं तो माणूस मी नाही. मी जातो."

"बसा," बाई म्हणाल्या. खालचं यंत्र थांबल्यावर त्या पुढे बोलू लागल्या. "नकाशात तुमची एकही चूक नाही. बोलण्यात एकही गोष्ट बरोबर नाही. नकाशासाठी राहा. बोलण्याकडे फिरकू नका."

मास्तरांचा विश्वासच बसेना. दुभाषी मागे उभी राहून नाक पुसत होती. तिला सर्दी नव्हती.

"आणि दुसरं," बाई म्हणाल्या. "मूळ मालकांनी दहा जागी भर घालायची परवानगी दिली आहे. नऊ झाल्यात. दहावी जागा मला नावाडिणीला द्यायची आहे. सुटलेलं म्हणून नाही, भर म्हणून. ज्याने लिहिलं त्याची सही लागेल. तुमची नव्हे, ताईंची."

मास्तर कागद घेऊन संध्याकाळी पुन्हा दुकानात गेले. ताईने कागद दोनदा वाचला. वाचताना तिचं बोट ओळीवरून फिरत होतं. "माझं नाव येणार? खेळात?"

"शेवटी. सगळ्यांबरोबर."

"आणि दाखवणार काय?"

"तेच. सातव्या रात्रीनंतर खिडकीत दिवा. चित्रकाराने काढलासुद्धा, छान काढलाय."

ताईने पेन खाली ठेवलं. "दिवा नको."

"अगं, दिवाच तर आहे सगळ्यात! लोकांना तोच आठवतो."

"लोकांना आठवू दे. सातव्या दिवशी दिसला होता मला दिवा. मी किंचाळले. आई धावत आली माझं तोंड दाबायला. मी म्हटलं, टिंगू बरा झाला, दिवा लागला! आई आत गेली आणि तशीच बाहेर आली. तुझा ताप होता तसाच होता. त्यानंतर दोन दिवस मी यंत्राला हात लावला नाही. कोणाशी बोलले नाही. नवव्या दिवशी दार उघडं राहिलं होतं, मी डोकावले, तर तू उशीला टेकून बसला होतास आणि आईवर चिडत होतास, दूध गरम आहे म्हणून." तिने कागद मागे सरकवला. "दिव्यावर सही नाही करणार मी. तो उठून बसलेला दिसला पाहिजे."

सकाळी मास्तर चित्रकाराच्या टेबलाशी जाऊन उभे राहिले. चित्रकार म्हणजे एक शांत, पोक आलेला माणूस, दिवसभर ठिपके भरायचा. त्याच्या पडद्यावर नावाडिणीची झोपडी होती आणि खिडकीत पिवळाधमक दिवा, त्याची चमक नदीच्या पाण्यात पडलेली. फार सुरेख झालं होतं.

"यात तिरंदाज बसलेला दिसला पाहिजे," मास्तर म्हणाले.

चित्रकाराने मान हलवली. "खिडकी सोळा ठिपक्यांची आहे, मास्तर. त्यात दिवा मावेल नाहीतर माणूस मावेल. दोन्ही काढले तर दोन्ही कळणार नाहीत. आणि लोक दिवाच शोधत येतील."

"माहीत आहे."

"मग काय ठेवू?"

"दिवा काढा," मास्तर म्हणाले.

चित्रकाराने त्यांच्याकडे एकदा पाहिलं आणि पिवळे ठिपके एकेक करून पुसले. मग त्या अंधाऱ्या चौकोनात त्याने डोकं काढलं, खांदे काढले, पाठीमागे उशीचे तीन पांढरे ठिपके ठेवले. दुपार झाली. मास्तर जेवायलाही उठले नाहीत.

"पडलेला वाटतोय," ते दोनदा म्हणाले, आणि चित्रकाराने दोनदा पाठ सरळ केली. तिसऱ्यांदा त्यांनी नुसती मान डोलावली. मग भिंतीकडे गेले, पेनाचं टोपण काढलं आणि 'भर' या रकान्यात दहाव्या क्रमांकापुढे लिहिलं : तिरंदाज उठून बसला.